मदत हवी आहे: वनहक्क दाव्यांच्या शेतांमधून समतल चर कसे न्यावेत?

अक्राणी तालुक्यातला सातपुड्याचा उतार आहे, 15 ते 20 टक्क्यांचा. माती जेमतेम वीतभर, खाली मुरूम. वरच्या अंगाला सलग समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीत; 60 सेंमी रुंद, 30 सेंमी खोल) खोदून, भरावावर मारवेल गवताची ठोंबं आणि मागे आवळा, मोह, बांबू असा आराखडा आहे.

अडचण मधल्या 5 हेक्टरची. तिथं नागलीची शेतं आहेत आणि त्यांचे वैयक्तिक वनहक्क दावे (कसत असलेल्या वनजमिनीवर हक्क मिळावा म्हणून केलेले) अजून निकाली निघालेले नाहीत. 2006 च्या वनहक्क कायद्यातलं कलम 4(5) पाहता पडताळणी पुरी होईपर्यंत कुणाला हटवता येत नाही, आणि हटवायचंही नाही. मग चर शेताच्या कडेला तोडावे लागतात. तुटक्या टोकाशी पाणी साचतं, पहिल्याच मोठ्या पावसात भराव फुटतो नि खालच्या शेतात घळ पडते. हायड्रोमार्करने (समपातळी रेषा आखायच्या साधनाने) अचूक आखलं तरी हे टळत नाही.

शेतात चराऐवजी दगडी बांध पुरतील का? टोकाला सांडवा (जादा पाणी बाहेर काढायची वाट) किती रुंद ठेवावा? आणि मुख्य म्हणजे, उद्या मोजणीत हाच बांध दाव्याची हद्द धरला जाऊ नये म्हणून ग्रामसभेच्या ठरावात नेमकं काय लिहावं? मसुदा असेल तर इथं टाका.