समुद्र स्वस्त, मग कोकणचा माल महामार्गानेच का?

खाडीकाठ :
धरमतरच्या पुलावरून जाताना खाली अंबा नदीच्या खाडीत बार्ज, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू बोटी दिसतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या जयगड बंदरात मोठ्या जहाजातून उतरवलेला कच्चा माल त्यांतून पेणजवळच्या डोलवीच्या पोलाद कारखान्याच्या जेट्टीवर येतो. आठ हजार टनांचा एक बार्ज म्हणजे पंचवीस टनी तीनशेवीस ट्रक. हे ट्रक मुंबई-गोवा रस्त्यावर आले असते तर पेणच्या लोकांचं काय झालं असतं? मग बाकीचा माल समुद्राने का नको? मला हे पटतच नाही.

लोटेवाला :
माझ्या चार गाड्या आहेत, म्हणून बोलतो. डोलवीचा कारखाना जेट्टीलाच लागून आहे. आमचं तसं नाही. चिपळूणजवळच्या लोटे औद्योगिक वसाहतीतून न्हावा शेवा बंदर दोनशे किलोमीटरच्या आसपास. संध्याकाळी केमिकलचे ड्रम भरले की सकाळी गाडी गेटवर. बोटीने पाठवायचं तर मुंबईला जायला आधी दक्षिणेला जयगड गाठायचं! ट्रकभाडं चुकत नाहीच, वर दोन्ही बंदरांत क्रेन, चढ-उतार, बोटीची वाट. मधला समुद्र फुकट दिला तरी परवडणार नाही.

फरशीवाले :
लोटेवाल्यांचं बरोबर आहे, पण ते कमी अंतरापुरतं. गुजरातेतल्या मोरबीच्या फरश्या कांडला-मुंद्रा बंदरांतून कंटेनरने बोटीने कोचीला जातात. वजनदार माल, नासायची भीती नाही, चार दिवस उशीर चालतो. बंदराचा खर्च दोनशे किलोमीटरला तेवढाच आणि दीड हजारालाही तेवढाच, म्हणून लांबवर तो पचतो. हापूस असा थांबेल का?

खाडीकाठ :
मग ट्रकच बोटीवर चढवा. कोकण रेल्वे १९९९पासून कोलाडहून भरलेले ट्रक वाघिणींवर चढवून नेते आहे. गुजरातेत घोघा-हजिरा रो-रोने, म्हणजे ट्रक थेट आत चढणाऱ्या बोटीने, ३७० किलोमीटरचा रस्ता ९० किलोमीटरवर आणला.

लोटेवाला :
तिथे आखात आडवं कापता येतं. आपला किनारा सरळ, अंतर वाचतं कुठे? आणि शेजारचीच घोघा-दहेज सेवा गाळामुळे बंद पडली, तेही सांगा.

खाडीकाठ :
गाळाचंच बोलू. बंदरातला गाळ काढायचा खर्च जहाजाकडून वसूल होतो. रस्त्याची झीज कोण भरतं? ॲक्सलवरचं वजन दुप्पट झालं की डांबराची झीज साधारण सोळापट होते. टोल त्या हिशेबाने घेतात का? तो खर्च ट्रकच्या भाड्यात धरत नाहीत, म्हणून ट्रक स्वस्त दिसतो. राग तुमच्यावर नाही, हिशेबावर आहे. २०११पासून चौपदरीकरण चाललंय, आणि दर पावसाळ्यात आम्ही त्याच खड्ड्यांत माणसं गमावतो.

लोटेवाला :
खड्ड्यांत माझ्याही गाडीचे पाटे तुटतात, ड्रायव्हर रात्रभर अडकतो. पण माल पाठवणारी पार्टी बिल्टीवरचा, म्हणजे मालाच्या पावतीवरचा भाड्याचा आकडा बघते, रस्त्याची झीज नाही. शिवाय परतीचं भाडं मला मिळतं, रिकाम्या बोटीला कोण देणार? दाभोळसारख्या जवळच्या बंदरातून ठरलेल्या वारी, पावसाळा सोडून, बोट सुटेल असं कोणी लेखी द्यावं. पहिले दहा कंटेनर मी आणून देतो.