मदत हवी आहे : कोकरू बाटलीवर आहे आणि उन्हाळी भाजीचे वाफे पण आत्ताच करायचेत

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागेल पण सगळं सांगितल्याशिवाय नीट सल्ला मिळणार नाही म्हणून लिहितेय. आम्ही पुरंदर तालुक्यात सासवडजवळ राहतो. अंजिराची थोडी झाडं आहेत आणि त्यांना लागूनच चार-पाच गुंठे घरच्या भाजीला ठेवलेत. दिवाळीनंतर माणकडून मेंढरं घेऊन येणारं एक धनगर कुटुंब दर साली आमच्या वावरात वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, बसवतं, ह्या वर्षीही बसवला. त्यांच्या एका मेंढीला व्यायल्यावर दगडी झाली, कास घट्ट, दूध उतरेना. कोकराला दुसऱ्या मेंढीचा चीक पहिल्याच दिवशी पाजला होता पण ती मेंढी काही त्याला कायमचं जवळ घेईना, आणि वाडा तर पुढे हलायचा होता. तेव्हा त्यांच्यातल्या मावशी सासूबाईंना म्हणाल्या की तुमच्याकडे शेळी आहे, जगलं तर तुमच्याकडं जगंल, जेष्ठात माघारी जाताना बघू. असं ते घरी आलं.

आता आठ-दहा दिवसांचं आहे, वजन साडेतीन किलोच्या आसपास भरतं, पितं चांगलं, अंगणभर उड्या मारतं. पण शेळीला तिची दोन करडं आहेत त्यामुळे तिचं दूध ह्याला पुरत नाही. कोण म्हणतं गाईचं दूध निम्मं पाणी घालून द्या, कोण म्हणतं म्हशीचं अजिबात नको जड पडतं. दिवसाला किती आणि कितीदा द्यायचं? काल संध्याकाळी हगवण पातळ झाली होती, आज ठीक आहे, पण जीव टांगणीला लागतो हो.

दुसरा प्रश्न वाफ्यांचा. गवार, भेंडी, चवळी, काकडी आणि दोडका लावायचाय, फेब्रुवारी संपायच्या आत बी पडायला हवं. मेंढरं बसली होती त्या तुकड्यात ताज्या लेंड्या भरपूर आहेत, तिथेच काकडी लावली तर चालेल का? आणि कोकरू दिवसभर माझ्या पाठीपाठी वाफ्यात असतं, दिसेल त्याला तोंड लावतं. अंजिराला तांबेऱ्यासाठी बोर्डो मारतो, त्या झाडांखालचं गवत कापून ह्याला पुढे घालायला लागेल थोड्या दिवसांनी, ते चालतं का? गाईला घालतो म्हणून विचारतेय.

प्रतिसाद :
ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो कारण तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. ते गवत ह्याला घालू नका. बोर्डोत मोरचूद असतो, म्हणजे तांबं, आणि मेंढीला तांबं गाईपेक्षा फार कमी सोसतं. ते यकृतात साठत जातं, कित्येक आठवडे वरून काही कळत नाही आणि मग एकदम जनावर मान टाकतं, डोळे-हिरड्या पिवळ्या पडतात, लघवी लालसर काळपट होते, त्या टप्प्यावर डॉक्टरच्याही हातात फारसं राहत नाही. दुधावरच्या कोकराच्या अंगात तर ते जास्तच मुरतं. म्हणून गाय खाते हा हिशेब इथे लावू नका. गाईचं खनिज मिश्रणसुद्धा ह्याला देऊ नका, त्यातही तांबं असतं, मेंढ्यांसाठीचं वेगळं मागा. फवारणीचा पंप धुतलेलं पाणी, मोरचूद भिजवलेली बादली, औषध लावलेल्या गुलाबी बियांची पाकिटं, हे सगळं त्याच्या तोंडाला लागणार नाही अशा जागी ठेवा.

प्रतिसाद :
दुधाबद्दल मी सांगते, आमच्याकडे दरवर्षी एखाददुसरं बाटलीवरचं असतंच. पाणी घालू नका! मेंढीचं स्वतःचं दूध चांगलं दाट असतं, सहा-सात टक्के फॅट, म्हणजे जवळपास म्हशीसारखंच. गाईचं त्यामानाने पातळ, त्यात अजून पाणी घातलं तर पोरगं पोट भरूनही उपाशी राहतं. गाईचं द्या किंवा म्हशीचं, पण रोज तेच द्या, आज हे उद्या ते केलं की हगवण लागते. साडेतीन किलोला दिवसाचं साधारण अर्धा लिटर धरा, चार-पाच वेळात वाटून, आपल्या मनगटावर कोमट लागेल इतपत गरम. रडतंय म्हणून एका वेळी जास्त पाजलं की पोट फुगतं. उभं असताना पाजा, मान थोडी वर, मांडीवर उताणं घेऊन कधीच नाही, दूध फुप्फुसात जातं. बुचाचं भोक लहान ठेवा आणि बाटली दरवेळी उकळत्या पाण्याने धुवा. पातळ हगवण परत झाली, त्यात रक्त दिसलं किंवा ते पिईना झालं तर वाट बघू नका, 1962 ला फोन करा, फिरतं पशुवैद्यकीय पथक येतं.

पंधरा दिवसांनी आपणहून पाला चघळायला लागेल, तेव्हा मूठभर सुकलेला लसूणघास, हादग्याचा पाला, थोडा भरडा आणि स्वच्छ पाणी समोर ठेवा. दूध अडीच-तीन महिने चालू ठेवायचं आणि हळूहळू तोडायचं. आणि आत्ता सगळीकडे ज्वारीची काढणी चाललीय, मोकळ्या रानातले ज्वारीचे कोवळे फुटवे त्याला खाऊ देऊ नका, किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते. त्याला करडांसोबतच झोपवा, मेंढरू एकटं राहत नाही, झुरतं. खालची जागा कोरडी हवी.

धागाकर्ती :
दोघांचे मनापासून आभार, दुधात पाणी घालणं आजपासूनच बंद, आणि अंजिराखालचं गवत ह्याच्यापर्यंत जाणारच नाही ह्याची सोय करते. वाफ्यांचं कोणी सांगेल का? मला तो तुकडा वाया घालवायचा नाहीये, त्या मेंढरांच्या खतावरच आमची भाजी येते.

प्रतिसाद :
वाया कशाला जातोय. ताज्या लेंडीवर कोवळी रोपं करपतात, शिवाय काकडी मातीला टेकते आणि आपण ती कच्ची खातो, म्हणून काकडी तिथे नको. तिला गेल्या वर्षीचं कुजलेलं लेंडीखत घालून दुसऱ्या बाजूला लावा, दोडका तिच्याच शेजारी मांडवावर. मेंढरं बसलेल्या तुकड्यात लेंड्या मातीत मिसळून एक पाणी देऊन मुरू द्या आणि पावसाळी भाजीसाठी ठेवा. घाई असेल तर वरच्या लेंड्या गोळा करून खड्ड्यात ओल्या करून कुजत घाला. गवार-चवळीला तसंही जास्त नत्र नको, नुसता पाला माजतो आणि शेंगा उशिरा लागतात. भेंडीला मात्र रात्रीचा गारठा कमी होऊ द्या, बी रात्रभर भिजवून मग टोचा, परभणी क्रांती हा वाण लावलात तर केवडा रोगाला, म्हणजे पानं पिवळी पडण्याला, बरा टिकतो.

कोकरासाठी धनगर वाड्याला लावतात तसली वाघर, म्हणजे दोरीची जाळी, वाफ्यांभोवती ताणून लावा, खालची कड खुंट्यांनी घट्ट दाबून. ढिली राहिली तर मुंडकं अडकून फास बसतो. जेष्ठात कळपात परत पाठवायचं ठरलं तर त्याआधी आंत्रविषार आणि पीपीआरची (शेळ्या-मेंढ्यांच्या बुळकांडीची) लस टोचून घ्या, तोवर ते चार महिन्यांचं झालेलं असेल, सरकारी दवाखान्यात आत्ताच विचारून ठेवा म्हणजे तारीख हुकणार नाही.

धागाकर्ती :
वाघर उद्या बघते, त्या मावशींकडे जुनी असेल तर फोन करून विचारते, त्यांना कोकरू कसं आहे तेही सांगायचंच आहे. कोणाकडे घरचं दोडक्याचं बी शिल्लक असेल तर सांगा.