आस्थापना-लेखा शाखेचं काम मोजायचं कशावर?

रुजुवात: काल इथे कुणी लिहिलं, "आस्थापना, लेखा, आयटी हा नुसता वरखर्च. दर कर्मचाऱ्यामागे किती जातात ते काढा आणि कापा." वाचून गप्प बसवेना. कॅनडाने हेच केलं. वर्षाला सुमारे ७ कोटी डॉलर वाचवायचे म्हणून पगाराचं काम एका केंद्रात नेलं, जाणती माणसं कमी केली आणि २०१६ मध्ये फिनिक्स ही पगाराची संगणक प्रणाली आणली. कुणाला पगार कमी, कुणाला जास्त, कुणाला नाहीच. निस्तरायला अब्जावधी गेले.

ताळेबंद: ते फसलेलं सॉफ्टवेअर होतं, मोजमाप नव्हे. न्यूझीलंडच्या ट्रेझरीने, म्हणजे तिथल्या अर्थखात्याने, सरकारी खात्यांचा एचआर, वित्त, आयटी, खरेदीचा खर्च शेजारी शेजारी मांडला. आकडेच नसतील तर ढिसाळ शाखा ओळखणार कशी?

रुजुवात: त्याच मांडणीत परिणामकारकतेचे निर्देशकही होते, ते का गाळलेत? आणि फिनिक्सवरचा महालेखापरीक्षकांचा २०१८ चा अहवाल वाचा. बजेट आणि मुदत पाळायला प्रणालीतल्या सोयी वगळल्या, चाचण्या छाटल्या. आणि शाखेतली माणसं कापली की नर्स, अभियंते स्वतःच प्रवासाच्या बिलांचे अर्ज भरत बसतात, ते तास तुमच्या कुठल्या रकान्यात येतात?

जावक_क्रमांक: तिकिटांचं, म्हणजे ऑनलाइन तक्रार-नोंदींचं बोला आधी! बदलीनंतर माझा पगार अडकला. तक्रार टाकली, दुसऱ्या दिवशी 'निकाली'. उघडून पाहिलं तर शेरा एवढाच: "संबंधित शाखेकडे वर्ग." पुन्हा टाकली, नवा क्रमांक, पुन्हा निकाली. त्यांच्या अहवालात दोन कामं वेळेत झाली, माझा कर्जाचा हप्ता थकला.

मदतकक्ष: त्या खुर्चीत बसून बघा. मुदत आम्ही ठरवत नाही. कागद अपुरे, अर्जदार उत्तर देत नाही, घड्याळ मात्र चालूच. तिकीट उघडं राहिलं की माझ्या नावापुढे लाल खूण.

जावक_क्रमांक: म्हणजे काम न करता बंद करता, हे कबूल.

मदतकक्ष: मला आरोपी करू नका! कागदांची वाट बघताना घड्याळ थांबवायची सोय द्या, मग जाब विचारा.

ताळेबंद: बरं, नुसत्या वेळेचा आकडा फसवा आहे, एवढं मानतो. पुन्हा आलेल्या तक्रारी त्याला जोडा. पण तेही मोजणंच झालं.

रुजुवात: मोजू नका असं म्हटलंय कुणी? तिकीट बंद करायचा हक्क तक्रारदाराला द्या.

मदतकक्ष: काम झाल्यावर लोक फिरकतही नाहीत. तिकिटं वर्षभर लोंबकळतील.

जावक_क्रमांक: मग आठवड्याने आपोआप बंद होऊ देत. फक्त 'निकाली'त धरू नका, वेगळ्या रकान्यात दाखवा.