दोन मिनिटांत डेप्थ? आधी पायाखालची जमीन बघा

कॅमेरेवाला_लातूर: काल इथं एका भावानं लिहिलं, "85 mm च्या पोर्ट्रेट लेन्सवर पैसे घालू नका, साधा फोटो काढा, फोटोशॉपमध्ये दोन मिनिटांत तीच डेप्थ, माणूस शार्प अन् मागचं धूसर." सोबत वेरूळचा नमुना. कैलास लेण्याच्या अंगणात नवरा-नवरी, मागं दगडी हत्ती. आता नीट बघा. हत्ती धूसर, पण त्याच्याच पायाजवळचा दगड कडक शार्प. नवरीच्या कोपरातून दिसणारा मागचा तुकडाही शार्पच. केसांभोवती पांढरी कड. लेन्स अशी चूक करत नाही.

पिक्सेल_पाटील: तो भाऊ मीच. कड आली म्हणून सॉफ्टवेअर खोटं? घाई केली, एवढंच. मागच्या लेयरमधून, म्हणजे थरातून, माणूस आधी काढायचा, ती जागा भरायची, मग ब्लर द्यायचा, म्हणजे अंगाचा रंग बाहेर पसरत नाही. जमिनीसाठी अल्फा चॅनलमध्ये, म्हणजे वेगळ्या काळ्या-पांढऱ्या थरात, काळ्याकडून पांढऱ्याकडं जाणारा ग्रेडियंट ओढायचा आणि लेन्स ब्लरला तोच नकाशा द्यायचा. शेवटी थोडा नॉइज, म्हणजे बारीक दाणे, नाहीतर मागचा भाग मेणासारखा गुळगुळीत दिसतो.

कॅमेरेवाला_लातूर: हे सगळं दोन मिनिटांत?

पिक्सेल_पाटील: अर्धा तास, बस्स? पण तुमच्या 1.8 वर, म्हणजे लेन्सचं छिद्र मोठं उघडल्यावर, एक डोळा शार्प आणि दुसरा गेला, तर तो कुठून आणता? माझ्याकडं मूळ फोटो अख्खा असतो. आणि आमच्या मंगल कार्यालयांत 85 लावून मागं सरकायला जागा आहे का? पाठ भटारखान्याच्या दाराला टेकते.

देवगिरी_दर्शन: माझा प्रश्न वेगळा. वर पासून खाली एकाच खडकात कोरलेलं लेणं मागं आहे आणि तुम्ही तेच पुसताय. मग वेरूळला गेलात कशाला? शेताच्या बांधावर काढायचा.

परभणीची_मावशी: पुसण्यावरून सांगते. माझ्या लेकीचं लग्न. अंतरपाट धरलेला, तिच्या मागं तिचा मामा, माझा सख्खा भाऊ, नवाकोरा फेटा बांधून उभा. अल्बम आला तर लेक लख्ख आणि मामाच्या जागी गुलाबी ढग! फोटोवाला म्हणे, "मावशी, सिनेमॅटिक लूक आहे." भावानं अल्बम मिटला अन् चहा न घेताच गेला. दिवाळीलाही आला नाही. आता सांगा मला, लेन्स का सॉफ्टवेअर?

पिक्सेल_पाटील: मावशी, सॉफ्टवेअर असेल तर मूळ फाइलमधून मामा परत आणता येतो. लेन्सनं घालवला असेल तर गेला.

परभणीची_मावशी: फाइल मागितली. म्हणे, आधी बाकी द्या.

हिंगोलीचा_स्टुडिओ: मग द्या की! प्रत्येकाचं हेच. "सोयाबीन निघालं की देतो." सोयाबीन निघतं, भाव पडतो, आम्ही बसतो हार्ड डिस्क सांभाळत. वरून ब्लर फुकट पाहिजे.

परभणीची_मावशी: अर्धे आधीच दिलेत. मामा दिसल्याशिवाय उरलेले मिळणार नाहीत.

हिंगोलीचा_स्टुडिओ: घ्या! म्हणजे फेट्याचे पैसे आम्ही भरायचे.

बीडचा_बाप्पा: माझ्या भावाचं सोयाबीन दहा दिवस आडतीत पडून असतं, त्याला कोण ब्लर करतंय? शेतकऱ्याच्या नावानं टोमणे मारू नका.

हिंगोलीचा_स्टुडिओ: टोमणा नाही बाप्पा, मी पण कास्तकाराचंच पोरगं आहे. पण छपाईवाला मला उधार देत नाही.

कॅमेरेवाला_लातूर: धागा कुठं चालला? मूळ मुद्द्यावर या. ओढणीची जाळी, उडते केस, चष्म्याची काच, तिथं माणूस मागच्यापासून वेगळा करणारा मास्क अजूनही फसतो.

पिक्सेल_पाटील: फसतो. म्हणून तिथं हातानं ब्रश मारतो. तुम्ही मारून बघितलाय का कधी?

कॅमेरेवाला_लातूर: बरं बाबा, मामांपुरतं तुमचं खरं. पुढच्या अंतरपाटाला छिद्र लहान करून 5.6 लावीन, मामा फेट्यासकट येईल. ढग पाहिजे असेल तर तुम्ही बसा अर्धा तास.

परभणीची_मावशी: ते राहू द्या. कुणी त्या फोटोवाल्याला दोन शब्द सांगता का? फाइल पाहिजे मला.

हिंगोलीचा_स्टुडिओ: बाकी किती आहे, ते सांगा आधी.