जुन्या शेव्हरले 350 ला कॅम कोणता, आणि त्यासोबत व्हॉल्व्ह स्प्रिंग कोणत्या?

गंजका नट:
मंडळी, 1974 चं शेव्हरले 350 आहे, व्ही-8, 5.7 लिटर. कॉम्प्रेशन 8.5:1, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, मागच्या ॲक्सलचा गिअर रेशो 3.08. मूळ कॅमचे (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) दोन लोब, म्हणजे त्यावरचे उंचवटे, घासून सपाट झालेत, त्यामुळे कॅम बदलणं आलंच. मनात भरलाय तो हायड्रॉलिक फ्लॅट टॅपेट (लोबवर टेकणारा सपाट बुडाचा टॅपेट) कॅम: टॅपेट 0.050 इंच उचलल्यावर मोजलेलं 230 अंश ड्युरेशन (व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा काळ), 0.480 इंच लिफ्ट (व्हॉल्व्ह किती उचलला जातो), लोब सेपरेशन (इनटेक आणि एक्झॉस्ट लोबच्या शिखरांमधला कोन) 110. आयडलिंगला तो अडखळता आवाज हवाय, खोटं कशाला बोलू. मूळ स्प्रिंग दिसायला ठणठणीत आहेत, त्याच ठेवल्या तर चालेल?

टॅपेटची टिकटिक:
नाही चालणार. पण स्प्रिंगचं नंतर, आधी कॅमचं बघू.

230 चा कॅम तुमच्या इंजिनाला झेपणार नाही. 1971 पासून जनरल मोटर्सने कॉम्प्रेशन उतरवलं, तुमचं त्याच काळातलं. मोठ्या ड्युरेशनचा कॅम इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद करतो. पिस्टन वर यायला लागला तरी व्हॉल्व्ह उघडाच, म्हणजे आत घेतलेला थोडा चार्ज (हवा-पेट्रोलचं मिश्रण) परत मॅनिफोल्डमध्ये जातो. कमी आरपीएमला आधीच बेताचं असलेलं प्रेशर आणखी पडतं. त्यात 3.08 चा रेशो आणि मूळचा टॉर्क कन्व्हर्टर (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असतो तो). सिग्नलवरून गाडी उठणारच नाही. आवाज रेसच्या गाडीचा, पिकअप बैलगाडीचा.

माझं मत: इनटेक 204, एक्झॉस्ट 214, लिफ्ट 0.421 आणि 0.444, लोब सेपरेशन 112 च्या आसपासचा कॅम घ्या. मूळचा बहुतेक 195/202 वाला असेल, म्हणजे फरक जाणवेल इतका आहे. ओव्हरलॅपचा (दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे असण्याचा काळ, इथे 0.050 वर मोजलेला) हिशोब स्वतःच करून पाहा: दोन्ही ड्युरेशनची सरासरी वजा लोब सेपरेशनची दुप्पट. तुमच्या कॅमला 230 वजा 220, म्हणजे अधिक 10 अंश. याला 209 वजा 224, म्हणजे उणे 15. तो अडखळता आवाज ओव्हरलॅपमधूनच येतो, आणि त्याच ओव्हरलॅपने आयडलिंगचा व्हॅक्यूम पडतो. तुमचा ब्रेक बूस्टर (ब्रेकवर पायाचा जोर वाढवणारा भाग) त्या व्हॅक्यूमवर चालतो, हे विसरू नका.

गंजका नट:
ब्रेकचं डोक्यातच नव्हतं आलं. बरं, आवाजाचा हट्ट सोडला. (मनातून नाही.) पण 0.444 लिफ्टला तरी मूळ स्प्रिंग का नकोत?

सव्वा इंच:
या इंजिनाची साधी मूळ स्प्रिंग नवी असताना, व्हॉल्व्ह बंद असतानाच्या 1.70 इंच उंचीवर साधारण 80 पौंड दाब देते. तुमच्या पन्नास वर्षं दबून आहेत. दिसण्यावर जाऊ नका, स्प्रिंग टेस्टरवर ठेवा. नव्या कॅमचे लोब व्हॉल्व्ह जास्त वेगाने उघडतात नि मिटतात. दाब कमी पडला की टॅपेट लोबचा माग सोडतो, व्हॉल्व्ह सीटवर आपटून उडतो आणि वरच्या आरपीएमला इंजिन फडफडतं. फ्लॅट टॅपेटला सीटवर (व्हॉल्व्ह बंद असताना) 105 ते 125 आणि पूर्ण उघड्यावर 260 ते 320 पौंड ठीक. याहून कडक लावाल तर नवे लोब खाल. शिवाय तुमचे रॉकर स्टड (व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर ज्यांवर बसतात ते) हेडमध्ये नुसते प्रेस केलेले असतील, जास्त दाबाने ते वर ओढले जातात.

आता लोक चुकतात ती जागा. डब्यावर '110 पौंड' लिहिलंय ते एका ठरावीक उंचीला, समजा 1.700 इंचाला. स्प्रिंगचा रेट इंचाला 350 पौंड असेल तर 0.444 लिफ्टला 155 वाढतील, उघड्यावर 265. उत्तम. पण तुमच्या हेडवर ती उंची 1.740 भरली तर सीटवर 96 च उरतात. व्हॉल्व्ह सीट अनेकदा घासलेल्या असल्या की उंची वाढतेच. सोळाही ठिकाणी मोजा आणि खाली शिम (पातळ वॉशर) टाकून सारखी करा.

पूर्ण लिफ्टला स्प्रिंगचे वेटोळे एकमेकांना टेकायला किमान 0.060 इंच शिल्लक हवेत. रिटेनर (स्प्रिंगची वरची टोपी) आणि गाइडच्या सीलमध्येही तेवढंच ठेवा. बाहेरचा व्यास 1.25 इंचच घ्या, त्याहून मोठ्या स्प्रिंगसाठी हेड मशीन करावं लागतं.

काळं तेल:
कुणीच विचारलं नाही म्हणून मी विचारतो. दोन लोब सपाट झाले, तर ते लोखंड गेलं कुठे? तेलातच ना. संप (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) काढून धुवा, तेलपंप उघडा, बेअरिंग बघा. नाहीतर नवा कॅमही त्याच लोखंडाच्या भुकटीत फिरेल.

टॅपेट सगळे नवे घ्या. जुना टॅपेट जुन्या लोबला बसलेला असतो, नव्या लोबवर तो नीट फिरत नाही आणि मग दोघंही जातात. माझा एक कॅम मी स्वतःच मारलाय. इग्निशनचं टायमिंग बसवलं नव्हतं, कार्ब्युरेटर कोरडा, आणि स्टार्टर मारत बसलो. लोबवर लावलेली वंगणाची पेस्ट पुसली गेली. इंजिन चालू झालं तोवर एक लोब गेला होता. तेव्हापासून आधी ड्रिलने तेलपंप फिरवून प्रेशर आणतो, टायमिंग जुळवतो, कार्ब्युरेटर भरतो, मगच चावी. चालू झालं की लगेच 2000 ते 2500 आरपीएम, वीस मिनिटं, मधे आयडलिंग नाही. तेल झिंकवालं.

गंजका नट:
संप उद्याच काढतो. एकच उरलं: स्प्रिंगसाठी हेड उतरवावंच लागेल का?

सव्वा इंच:
नाही. त्या सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीच्या (पिस्टनची सगळ्यात वरची जागा) जरा खाली ठेवा, प्लगच्या भोकातून सुती दोर आत सोडा, टोक बाहेर राहू द्या. मग क्रँक हाताने फिरवून पिस्टन वर आणा. दोराने व्हॉल्व्ह खालून धरला जातो, तो आत पडत नाही. स्प्रिंग कॉम्प्रेसरने दाबा, कॉटर (रिटेनर धरून ठेवणाऱ्या छोट्या पाचरी) काढा. हेडची तेल उतरायची भोकं आधी चिंध्यांनी बुजवा. कॉटर निसटला की नेमका तिथेच जातो.