मदत हवी आहे: तीन फुटांच्या पटला हात आचका देतो, कॅडीनं काय करावं?

बॅगवाला

नमस्कार मंडळी. इथे क्रिकेट-कबड्डीवाले जास्त आणि गोल्फवाले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, हे माहीत आहे. तरी इथेच विचारतोय, कारण क्लबात हा विषय काढायची सोय नाही. लॉकररूममध्ये 'यिप्स' (जवळचा पट मारताना हात आपोआप आचकतो तो त्रास) म्हटलं की चांगले चांगले खेळाडू उठून बाहेर जातात, जणू शिंकेतून लागण होणार आहे.

मी पुण्याचा. धाकटा मावसभाऊ देशातल्या प्रो टूरवर खेळतो आणि मी त्याची बॅग उचलतो, म्हणजे त्याचा कॅडी आहे. दोघंही येरवड्याच्या कोर्सवर कॅडीगिरी करत मोठे झालो. त्याचा हात खेळात बसला, माझा बॅगेच्या पट्ट्यात.

टीपासून ग्रीनपर्यंत (पहिल्या फटक्यापासून होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीपर्यंत) त्याचा खेळ झकास आहे. ड्राइव्ह सरळ, आयर्न त्याहून सरळ. तीस फुटांचा पटसुद्धा (ग्रीनवर पटर नावाच्या काठीनं होलकडे मारलेला हलका फटका) असा सोडतो की बॉल होलच्या कडेशी येऊन निजतो. घोटाळा उरलेल्या तीन फुटांत आहे. गेल्या पावसाळ्यापासून हे सुरू झालं आणि आता प्रत्येक राउंडला हजेरी लावतं.

नक्की काय होतं ते सांगतो, कारण 'घाबरतो' एवढंच म्हटलं तर अर्धे प्रतिसाद प्राणायामाचे येतील. पटर मागे जातो तो नीट जातो. पुढे येताना, बॉलला लागायच्या अगदी अलीकडे, उजव्या मनगटाला आचका बसतो. मी समोरच्या बाजूला उभा असलो तर मनगटाच्या आतली शीर टरारलेली मला दिसते. पटरचं तोंड डावीकडे मिटतं आणि बॉल होलची डावी कड चाटून चार फूट पुढे जातो. कधी उलटंच होतं, पटर मागे जातच नाही. बॉलवर वाकलेला, बोटं पांढरी पडलेली, आणि पटर जमिनीला खिळल्यासारखा. मग सरळ होतो, टोपी काढतो, पुन्हा वाकतो. बरोबरचे दोन खेळाडू तोवर आभाळाकडे बघत असतात.

आता गंमत बघा. पट हुकला की तो वैतागून चालत जातो आणि एका हातानं, पटरच्या पाठीनं, न बघता उरलेला बॉल ढकलतो. तो दर वेळी आत जातो! (नियमानं हाही फटका मोजला जातो, म्हणून माझा जीव वर-खाली होत असतो.) दुसरी गोष्ट हॉटेलच्या खोलीतली. गालिच्यावर बॉल न ठेवता स्ट्रोक मारायला लावला तर लोण्यासारखा येतो. बॉलच्या जागी नाणं ठेवलं तरी काही होत नाही. बॉल ठेवला की आचका. बॉल तोच, खोली तीच, बघायला फक्त मी.

मोठ्या लोकांनाही हे झालंय, हे आम्हाला दोघांनाही माहीत आहे. २०१६ च्या मास्टर्सला एर्नी एल्सनं पहिल्याच होलवर तीन फुटांच्या आतून सहा पट घेतले आणि पार चारच्या, म्हणजे चार फटक्यांत संपवायच्या होलवर नऊ लिहून बाहेर पडला. चार मेजर, म्हणजे गोल्फच्या सर्वांत मोठ्या स्पर्धा, जिंकलेला माणूस! ती क्लिप भावाला दाखवायची नाही, असं मी ठरवलं होतं. त्यानं ती आधीच शोधून पाहिली होती.

तर माझे प्रश्न.

ग्रीनवर मी बोलावं की गप्प राहावं? सध्या 'उजवीकडून अर्धा कप' (रोख कुठे धरायचा ते) एवढं सांगून बाजूला होतो. तो म्हणतो, तू बोललास की तुझा आवाज डोक्यात घुमतो आणि नाही बोललास की तूसुद्धा घाबरलायस असं वाटतं. आता बोला!

दुसरं, दाखवायचं कुणाला? मनाच्या डॉक्टरला की नसांच्या? मावशीनं दृष्ट काढून झाली आहे, ते खातं बंद समजा.

तिसरं, लांब पटर घ्यावा का? २०१६ पासून तो छातीला टेकवायला बंदी आहे, मग त्याचा उपयोग काय उरला? आणि घेतला तर पैसे वाया जायला नकोत. एकेका फटक्यानं कट (पुढच्या फेऱ्यांत जायची मर्यादा) हुकतोय. कट हुकला की एंट्री फी, रेल्वे, हॉटेल सगळं घरचं.

—

पुणेरी_फुरसत

अनुलोम-विलोम, रोज सकाळी. (आता वरचं सगळं वाचलं. राहू दे.)

—

मज्जातंतू

बॅगवाला, मी न्यूरोलॉजीत काम करतो, गोल्फ फक्त टीव्हीवर बघतो. पण तुमचं वर्णन इतकं नेमकं आहे की राहवलं नाही.

'मन की नसा' हा प्रश्नच जरा बाजूला ठेवा. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या गटानं यिप्सवर बरंच काम केलंय. २००३ साली त्यांनी मांडलं ते असं की, ही एक सलग पट्टी आहे. एका टोकाला फोकल डिस्टोनिया, म्हणजे वर्षानुवर्षं एकच बारीक हालचाल केल्यानं मेंदूतलं त्या हालचालीचं नियंत्रण बिघडणं. दुसऱ्या टोकाला निव्वळ दडपण. बरेच खेळाडू मध्ये कुठेतरी असतात आणि चिंतेनं डिस्टोनियाही वाढतो. लेखनिकांचे हात लिहिताना आखडतात, वादकांची बोटं वाजवताना वळतात, ते याच घरातलं. लिऑन फ्लायशर या पियानोवादकाचा उजवा हात असाच कित्येक वर्षं बाद होता.

अशा डिस्टोनियाचं एक लक्षण म्हणजे तो त्या एका कामापुरता येतो. चहाचा कप धरताना काही नाही, सही करताना काही नाही, पटर हातात आला की आचका. मनगट वाकवणारे आणि सरळ करणारे स्नायू आळीपाळीनं काम करायचे सोडून एकदम आवळले जातात. नाण्यावर स्ट्रोक साफ येतो आणि खोलीत तुमच्याशिवाय कुणी बघत नसतानाही बॉलवर आचका येतो, यावरून माझं मत त्या टोकाकडे झुकतं. पण फोरमवर निदान होत नाही, एवढं लक्षात ठेवा.

एक करा. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये फक्त हात आणि मनगट दिसेल असं चित्रण घ्या. नेहमीची पकड, डावा हात खाली घेऊन, एकट्या उजव्यानं, एकट्या डाव्यानं, बॉलसह आणि बॉलशिवाय. मूव्हमेंट डिसऑर्डर बघणाऱ्या न्यूरोलॉजिस्टकडे ते घेऊन जा. दवाखान्यात ग्रीन नसतं, त्यामुळे चित्रणाशिवाय डॉक्टरला काही दिसणार नाही. खेळाच्या मानसतज्ज्ञाकडेही जरूर जा. कारण मूळ काहीही असलं तरी त्यावर भीतीचा थर एव्हाना बसलेलाच असणार.

—

निवांत_नाना

एवढं कशाला? माझ्या मेव्हण्याला भाषणाआधी हात थरथरायचे, डॉक्टरनं प्रोप्रानोलॉल दिलं. अर्धी गोळी, काम फत्ते.

—

मज्जातंतू

नाना, नाही! प्रोप्रानोलॉल हे बीटा ब्लॉकर, आणि बीटा ब्लॉकर गोल्फमध्ये स्पर्धेच्या काळात बंद आहेत, वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) यादीत गोल्फचं नाव स्पष्ट आहे. नेमबाजी, तिरंदाजी, डार्ट्स यांच्याच रांगेत. प्रो खेळाडूनं मेव्हण्याची गोळी घेतली तर पट राहिला बाजूला, कारकीर्दच अडकेल. आणि दम्याच्या माणसाला ही गोळी वेगळाच त्रास देते. कुठलंही औषध घेण्याआधी डॉक्टरला 'मी प्रो खेळाडू आहे' हे पहिलं वाक्य सांगायचं.

—

निवांत_नाना

बरं बाबा. मेव्हणा गोल्फ खेळत नाही, एवढंच सुचवतो.

—

कॅरोलायनाकर

लांब पटरच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर आहे. मी नॉर्थ कॅरोलायनात राहतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये आमच्या ग्रीन्सबरोला विंडम चॅम्पियनशिप ल्युकस ग्लोव्हरनं जिंकली, आणि लगेच पुढच्या आठवड्यात मेम्फिसची स्पर्धाही. वय ४३. हा २००९ चा यूएस ओपन विजेता, पण मधली दहाएक वर्षं यिप्सनी पिळून काढलेला. बॉल मारण्यात टूरवरच्या उत्तमांपैकी एक आणि दोन-तीन फुटांवर हतबल, म्हणजे थेट तुमच्या भावाची गोष्ट.

त्यानं दोन गोष्टी केल्या. जेसन कून नावाच्या माजी नेव्ही सीलबरोबर (अमेरिकी नौदलाच्या कमांडोबरोबर) काम केलं, ज्याला स्वतःला कॉलेजात बेसबॉल खेळताना चेंडू फेकण्याचे यिप्स झाले होते. आणि त्याच उन्हाळ्यात लांब पटर घेतला. त्यामागचा विचार मला फार पटला: जुनी हालचाल दुरुस्त करत बसायचं नाही, मेंदूला पूर्ण नवं काम द्यायचं.

छातीला न टेकवता उपयोग काय, तर तोच. वरचा हात छातीच्या पुढे बोटभर अंतरावर राहतो, खालचा हात नुसता लंबकासारखा ढकलतो, मनगटाला काही कामच उरत नाही. आपला अक्षय भाटियाही (आपला म्हणजे अमेरिकेचाच, पण नावावर हक्क सांगायला काय जातं) लांब पटरनंच जिंकतोय.

बर्नहार्ड लँगर विसरू नका. त्याला यिप्स एकदा नाही, अनेकदा झाले. दर वेळी पकड बदलली. १९९३ चं मास्टर्स जिंकला तेव्हा डावा हात दांड्यावर बराच खाली आणि उजव्या हातानं पटरची मूठ डाव्या बाहूला (कोपर ते मनगट या भागाला) दाबून धरलेली, अशी विचित्र पकड होती. पटर बाहूला लावून धरणं आजही नियमात बसतं, बंदी बाकी शरीराला टेकवण्यावर आहे. १९९१ च्या रायडर कपमध्ये (युरोप विरुद्ध अमेरिका सामन्यात) शेवटच्या ग्रीनवर सहा फुटांचा पट हुकला आणि युरोपचा कप गेला. पुढच्याच आठवड्यात हा पठ्ठ्या जर्मन मास्टर्स जिंकला.

—

टी_ऑफ_मावशी

बॅगवाला दादा, मी हौशी खेळाडू, चेंबूरला खेळते. दोन-चार वर्षं मलाही हा त्रास होता, म्हणून फक्त बोलण्या-गप्प बसण्याबद्दल लिहिते.

लाइन (बॉलची दिशा) सांगू नका, वेग विचारा. 'किती जोरात मारणार?' असा प्रश्न टाका आणि त्याला उत्तर द्यायला लावा. 'मागच्या कडेला लागून पडेल इतका' असं त्याच्या तोंडून आलं की डोकं मनगटावरून उठून बॉलच्या वेगावर जातं. आणि तीन फुटांवर अर्धा कप डावं-उजवं कशाला? सपाट असेल तर मध्ये मारू दे की त्याला.

उभं राहायची जागाही ठरवून टाका, रोज तीच. तो स्टान्स घ्यायला (पाय रोवून उभा राहायला) लागला की बॉलच्या मागे लाइनीत उभं राहायची कॅडीला मुभा नाहीच, २०१९ पासून. मग त्याच्या नजरेच्या पार बाहेर जा. तुम्ही समोर उभे राहून शीर बघता म्हणता ना, त्यालाही तुमचं बघणं दिसत असेल.

नजरेचं म्हणाल तर जोन विकर्स नावाच्या संशोधिकेनं चांगले पट मारणाऱ्यांची नजर मोजलीय. ते मारण्याआधी दोन-तीन सेकंद बॉलवर एकाच जागी नजर ठेवतात आणि बॉल गेल्यावरही क्षणभर तिथेच बघतात. मला त्यानं फरक पडला. उलट सर्जिओ गार्सिया डोळे मिटून मारायचा, आणि जॉर्डन स्पीथ जवळच्या पटला होलकडे बघून मारायचा. तेव्हा देव जाणे. पण तिघांतही नजर पटरच्या मागे धावत नाही, हे खरं.

एक विचारू? प्रॅक्टिस राउंडला तीन फुटांचे पट तुम्ही एकमेकांना सोडता का, म्हणजे न मारताच आत गेले असं धरता का?

—

बॅगवाला

सगळ्यांचे आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं.

मावशी, हो, सोडतो. सगळेच सोडतात, मागून ग्रुप येत असतो. म्हणजे तीन फुटांचा पट त्याला थेट स्पर्धेतच भेटतो, हे तुम्ही लिहीपर्यंत डोक्यात आलं नव्हतं. वेगाचा प्रश्न आज प्रॅक्टिस ग्रीनवर करून बघितला. पहिल्यांदा 'तुला काय करायचंय' म्हणाला, नंतर सांगायला लागला. आचका गेला नाही, पण पटर अडकणं आज एकदाही दिसलं नाही. एका दिवसावरून मी काही म्हणत नाही.

डॉक्टरसाहेब, चित्रण घेतलं. डाव्या एकट्या हातानं बॉलवरसुद्धा साफ येतोय. उजवा एकटा असला की आचका. डावा खाली घेतला की कमी, पण आहे. वेळ घेऊन दाखवून येतो.

कॅरोलायनाकर, लँगरची ती पकड भावाला दाखवली तर हसला. टूरवर लोक काय म्हणतील म्हणाला. मग म्हणाला, माझ्याच पटरवर करता येईल का? दांडा आखूड पडतोय, मूठ बाहूपर्यंत पोचतच नाही.

मावशी, अजून एक. आता झेंडा होलमध्ये ठेवून पट मारायला परवानगी आहे, तर जवळच्या पटला ठेवू का? त्याला आवडत नाही, पण काठीला लागून थांबेल अशी आशा तरी राहते.

—

टी_ऑफ_मावशी

ठेवा. पण त्याला विचारून. ग्रीनवर चढताना नाही, आदल्या दिवशीच ठरवा.

—

बॅगवाला

ठीक. आता शेवटची विनंती: पुण्या-मुंबईत कुणाकडे लांब पटर किंवा बाहूला लावायचा पटर पडून असेल तर आठवडाभर वापरायला मिळेल का? उजव्या हाताचा हवा. भावाची उंची पाच फूट सात इंच. मी स्वतः येऊन घेऊन जाईन, नवं कव्हर घालून परत देईन. व्यक्तिगत निरोप पाठवा.