शिबोरी की नुसती छपाई?

"बोहो (मोकळ्याढाकळ्या, भटक्या ढंगाच्या) कपड्यांवरची शिबोरी म्हणजे टाय-डायचंच महाग नाव" असं एक मत ऐकलं, ते मला अर्धंच पटलं. शिबोरी म्हणजे कापड बांधून, आवळून रंगवायची जपानी पद्धत. पण बरेचदा शिबोरी म्हणून विकलेलं ते टाय-डायसुद्धा नसतं, सरळ डिजिटल प्रिंट असतं! कापड उलटं करून बघा. छापील असेल तर मागची बाजू बहुतेक फिकी दिसते आणि तोच डाग ठरावीक अंतरावर जसाच्या तसा पुन्हा येतो. हाताने बांधलेल्या कानोकोत (एकेक ठिपका बांधून केलेल्या शिबोरीत) दोन ठिपके हुबेहूब सारखे सापडणार नाहीत. कडक इस्त्री फिरवली नसेल, तर दोऱ्याने आवळलेल्या जागची बारीक टोकं बोटांनाही लागतात.

राहता राहिली किंमत. जपानच्या नागोयातल्या अरिमात्सु या शिबोरीसाठी प्रसिद्ध भागाची वस्ती १६०८ची. तोकाइदो या जुन्या हमरस्त्याने जाणाऱ्या वाटसरूंना तिथे निळीत रंगवलेले शिबोरीचे पंचे विकत. पद्धत अशी, की एका घराकडे बांधणीचं एकच तंत्र. त्यामुळे कापड नक्षी उमटवणारा, बांधणारा, रंगारी, दोरे सोडवणारा असं दारोदार फिरतं. म्हणून आठशे रुपयांत 'अस्सल कानोको' काफ्तान कुणी देत असेल तर मी तरी घेणार नाही. त्यापेक्षा आराशी बघा: कापड खांबाला गुंडाळून, वर दोरा आवळून चुण्या दाबायच्या, की तिरक्या पावसासारख्या रेघा येतात. ठिपका-ठिपका बांधण्यापेक्षा हे बरंच लवकर होतं.